लिब्रेऑफिसचा वाडा फोनमध्ये कसा मावला

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त लिहायचं काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं. मागच्या वर्षी ते लिहून रात्री साडेदहाला ग्रुपवर टाकलं आणि पाच मिनिटांत खजिनदार जोशीकाकांचा फोन. "अरे, हे काय पाठवलंस? ओडीटी का फोडीटी. माझ्या फोनमध्ये उघडेचना." मी लॅपटॉपवर लिब्रेऑफिस हा वर्डसारखा प्रोग्रॅम वापरतो, त्याची फाइल ओडीटी असते, आणि काकांच्या फोनमध्ये ती उघडणारं काहीच नव्हतं. मी पीडीएफ करून पाठवली, विषय मिटला. पण फोन ठेवता ठेवता काकांनी एक प्रश्न टाकला: "तू तर म्हणतोस ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्या जगाला खुला आहे. मग एवढ्या वर्षांत कुणी उचलून तो फोनवर टाकला कसा नाही?"

काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे हिशेबाचा प्रश्न बरोबर विचारतात. उत्तर असं की टाकला आहे. पण पहिल्या प्रयत्नापासून धड वापरता येईल असं अ‍ॅप हातात पडेपर्यंत नऊ वर्षं गेली. कोड खुला असणं म्हणजे घराची किल्ली मिळणं. घर उचलून दुसऱ्या गावाला नेणं हा वेगळाच उद्योग.

आधी घर बघू

लिब्रेऑफिसचा जन्म कागदोपत्री 2010 चा. आतला कोड मात्र पार 1980 च्या दशकापर्यंत मागे जातो. जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग शहरात मार्को ब्योरीस या विशीही न गाठलेल्या मुलाने स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली आणि स्टारऑफिस बनवायला घेतलं. 1999 मध्ये अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली आणि 2000 साली कोड खुला केला. त्याचं नाव झालं ओपनऑफिस. पुढे 2010 मध्ये ओरॅकलने सनलाच विकत घेतलं. नवे मालक या प्रकल्पाचं काय करतील याची खात्री नसलेल्या लोकांनी त्याच वर्षी सप्टेंबरात वेगळी चूल मांडली. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था आणि लिब्रेऑफिस हे नाव तेव्हाचं.

म्हणजे हा एक जुना वाडा आहे. पणजोबांनी चौक बांधला, आजोबांनी माडी चढवली, कुणीतरी मागच्या अंगाला संडास काढला, कुणी मधली भिंत पाडली. कोडच्या ओळी लाखांत मोजायला गेलात तर दमाल, कोटीच्या आसपास जातात. नव्या मंडळींनी ताबा घेतला तेव्हा कोडमध्ये जागोजागी लिहिलेल्या हजारो टिपा जर्मन भाषेत होत्या. त्यांचं इंग्रजी भाषांतर करणं हे स्वयंसेवकांचं कित्येक वर्षांचं काम होऊन बसलं. कोणती भिंत नुसती भिंत आहे आणि कुठल्या भिंतीवर छत तोललंय, हे सांगणारी पिढी निघून गेलेली.

या वाड्याचा सगळ्यात अडचणीचा गुण असा की त्यात राहणारी माणसं आणि भिंती एकमेकांत रुतलेल्या होत्या. फाइल वाचायची कशी, ओळ कुठे तोडायची, पानाचा क्रमांक कुठे टाकायचा हे ठरवणारा भाग म्हणजे इंजिन. आणि वरचे मेनू, बटणं, उजव्या हाताचे पट्टे, राइट क्लिक केल्यावर पडणारी यादी हा चेहरा. डेस्कटॉपवर दोन्ही एकत्रच असायचे. वेगळे करायची कुणाला गरजच पडली नव्हती.

2007 साली आयफोन आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडचे फोन आले, आणि गरज पडली.

फोनचे नियम

पहिली अडचण प्रोसेसरची. आपल्या लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेल जातीचा प्रोसेसर असतो, फोनमध्ये आर्म जातीचा. दोघांची भाषा वेगळी. माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवण्याला कंपाइल करणं म्हणतात. फोन स्वतः एवढा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करू शकत नाही, म्हणून तो इंटेलच्या संगणकावर बसून आर्मसाठी करायचा. ऐकायला सोपं आहे. पण लिब्रेऑफिस बनताना आधी स्वतःच काही छोटी हत्यारं बनवतं आणि मग तीच हत्यारं वापरून पुढचा भाग बनवतं. ती हत्यारं आर्मसाठी बनली तर इंटेलच्या संगणकावर चालणार नाहीत, आणि काम तिथेच अडणार. म्हणून हत्यारं इथल्यासाठी, इमारत तिथल्यासाठी, अशी दुहेरी बांधणी करावी लागते. कोणती वस्तू हत्यार आहे आणि कोणती इमारतीचा भाग, हे आधी नीट निवडावं लागतं. जुन्या वाड्यात दोन्ही एकाच खोलीत पडलेलं होतं.

हे निवडण्याचं काम ज्यांनी अंगावर घेतलं त्यांत फिनलंडच्या टोर लिलक्विस्ट यांचं नाव आधी घ्यावं लागतं. चित्रं सुधारायचा गिम्प हा प्रोग्रॅम मूळचा लिनक्स या खुल्या प्रणालीचा. तो विंडोजवर आणण्याचं काम याच माणसाने केलं होतं. म्हणजे बिऱ्हाडं हलवण्याचा जुना अनुभव. 2011 च्या ऑक्टोबरात पॅरिसला लिब्रेऑफिसची परिषद झाली. अँड्रॉइड, आयफोन-आयपॅड आणि वेब ब्राउझर या तिन्हींसाठी काम चालू असल्याचं तिथे जाहीर झालं. जाहीर करणं सोपं असतं.

मग एकेक गंमत सुरू झाली. लिब्रेऑफिस एका गठ्ठ्यात नसतं, ते अनेक लायब्ररींमध्ये विभागलेलं असतं. लायब्ररी म्हणजे कोडचे कप्पे, लागेल तेव्हा उघडायचे. त्या काळच्या अँड्रॉइडला एका अ‍ॅपमध्ये शंभराच्या आसपास कप्पे उघडले की धाप लागायची, तशी मर्यादाच होती. लिब्रेऑफिसचे कप्पे त्याहून जास्त. शेवटी सगळे कप्पे मोडून एकच अवाढव्य पेटारा करावा लागला.

अ‍ॅपलची तऱ्हा आणखी कडक. आयफोनवर एखाद्या अ‍ॅपने चालू असताना स्वतः नवा कोड तयार करून तो चालवायला बंदी आहे. कारण सुरक्षेचं आणि ते पटण्यासारखं आहे. घुसखोर कोड असाच तर आत शिरतो. पण लिब्रेऑफिसचे वेगवेगळे भाग एकमेकांशी बोलतात ते अगदी ऐनवेळी बांधलेल्या छोट्या साकवांवरून. ओढ्याशी पोचल्यावर दोन ओंडके टाकून पलीकडे जायचं, अशी पद्धत. आयफोनवर ओंडका उचलायलाच मनाई. मग कुठे कुठे ओढा लागू शकतो याचा आधीच अंदाज घेऊन सगळे साकव घरूनच बांधून न्यायचे, असा मार्ग काढला. याशिवाय लिब्रेऑफिसचे काही कोपरे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालायचे, आणि अ‍ॅपलच्या फोनवर जावा नाही. ते कोपरे सोडून दिले. बेस हा डेटाबेसचा भाग फोनवर दिसत नाही.

टाचणीएवढे मेनू

या सगळ्यातून सुरुवातीला जे बाहेर पडलं ते बघून हसावं की रडावं कळत नव्हतं. डेस्कटॉपचं अख्खं लिब्रेऑफिस, वरच्या सगळ्या मेनूंसकट, चार इंचाच्या पडद्यावर. बटण टाचणीच्या डोक्याएवढं आणि त्यावर आपलं बोट. तांत्रिकदृष्ट्या चाललं, म्हणजे विमान उडालं, फक्त प्रवासी बसवायचे राहिले. या पद्धतीचं एक अ‍ॅप आजही मिळतं, अँड्रओपन ऑफिस नावाचं. ते ओपनऑफिसवर आधारलेलं आहे आणि फोनवर डेस्कटॉपचं पूर्ण रूप उभं करतं. मोठा टॅब्लेट, माउस आणि कीबोर्ड असेल तर काही लोकांना तेच आवडतं. काकांना ते दाखवण्याचं धाडस मी केलेलं नाही.

त्याच सुमाराला दुसरीकडे एक छोटी गोष्ट घडून गेली, जी आता फारशी कुणाला आठवत नाही. केडीई या खुल्या प्रकल्पाच्या मंडळींचं कॅलिग्रा नावाचं ऑफिस होतं, लिब्रेऑफिसच्या तुलनेत खूप लहान आणि कमी माणसांचं. त्याचाच पूर्वावतार केऑफिस नोकियाने आपल्या एन 900 या फोनसाठी हाताशी धरला. 2011 च्या नोकिया एन 9 मध्ये कागदपत्रं उघडून दाखवायचं कामही कॅलिग्राचंच इंजिन करत होतं. कॅलिग्राला ते पटकन जमलं याचं कारण तिथे इंजिन आणि चेहरा आधीपासून बरेच सुटे होते. म्हणजे उत्तर समोर होतं. नोकियाने पुढे तो रस्ताच सोडला, आणि कॅलिग्राच्या पाठीमागचा पैसाही त्याबरोबर आटला. जोल्ला या फिनलंडच्या कंपनीच्या सेलफिश फोनमध्ये मात्र त्याच इंजिनाला पुढे घर मिळालं.

लिब्रेऑफिसचं फोनवरचं पहिलं उपयोगी पाऊल वेगळ्याच दिशेनं पडलं. 2013 मध्ये इम्प्रेस रिमोट आलं. भाषण देताना लॅपटॉपवरची स्लाइड फोनवरून पुढे ढकलायची, एवढंच त्याचं काम. गूगल समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमात एका विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली होती. यात इंजिन लॅपटॉपवर होतं आणि फोन नुसता हात होता. मला यात एक खूण दिसते. नकळत का होईना, इंजिन एकीकडे आणि हाताळणी दुसरीकडे असं इथे पहिल्यांदा झालं.

फरशीची युक्ती

आता या लेखातला माझा आवडता भाग.

तुम्ही फोनवर नकाशा बघता. पुण्यावरून बोट सरकवत नेत साताऱ्याला जाता. अख्ख्या भारताचा नकाशा फोनमध्ये कधीच उतरत नाही. नकाशा चौकोनी फरशांमध्ये कापलेला असतो, बहुधा 256 बाय 256 ठिपक्यांच्या. पडद्यावर जेवढ्या फरशा दिसतात तेवढ्याच मागवल्या जातात. बोट सरकलं की डावीकडच्या जातात, उजवीकडच्या येतात. जवळ जायचं असेल तर त्याच जागेच्या जास्त बारकाव्याच्या फरशा मागवायच्या.

लिब्रेऑफिसवाल्यांनी विचार केला: कागदाचंही असंच केलं तर? इंजिनाला मेनू, बटणं, खिडक्या यांतलं काहीच काढायला सांगायचं नाही. फक्त म्हणायचं, या पानाच्या वरून इतकं, डावीकडून इतकं, एवढा चौकोन रंगवून दे. इंजिन चित्र काढून देतं. ते कुठे लावायचं, बोटाने कसं सरकवायचं, वर कोणतं बटण दाखवायचं, हे सगळं चेहऱ्याने बघायचं. अशा मागण्या करण्यासाठी इंजिनाला एक छोटी खिडकी पाडली गेली. तिचं नाव लिब्रेऑफिसकिट. वाड्याला लावलेली ही ऑर्डर घेण्याची खिडकी समजा. आत भटारखाना कसा आहे, चूल कुठल्या पिढीतली आहे, बाहेरच्याला कळायची गरज नाही. खिडकीतून चिठ्ठी टाका, ताट बाहेर येईल.

वाचण्यापुरतं हे छान आहे. लिहायचं कसं? तुम्ही एक अक्षर टाइप करता. चेहरा ते खिडकीतून आत देतो. इंजिन ओळ पुन्हा मांडतं, आणि उलट निरोप पाठवतं: "पानाचा अमुक ते अमुक चौकोन आता शिळा झाला." चेहरा बघतो, त्या चौकोनात आपल्या कोणत्या फरशा येतात, आणि तेवढ्याच नव्याने मागवतो. परिच्छेदाच्या मधे एक शब्द घातला तर खालच्या सगळ्या ओळी सरकतात, म्हणून जास्त फरशा शिळ्या होतात. एक अक्षर बदललं तर एखाददुसरी. लुकलुकणारी उभी रेघ, म्हणजे कर्सर, मात्र चित्रात नसते. इंजिन फक्त तिची जागा सांगतं आणि चेहरा ती वर काढतो, नाहीतर प्रत्येक लुकलुकीला नवी फरशी मागवावी लागली असती. मजकूर निवडताना दोन्ही टोकांना दिसणारे ते अश्रूंच्या आकाराचे दांडेही असेच वरून ठेवलेले.

या युक्तीवर उभं राहिलेलं पहिलं अ‍ॅप म्हणजे अँड्रॉइडवरचं लिब्रेऑफिस व्ह्यूअर. 2015 च्या जानेवारीत त्याची चाचणी आवृत्ती आली आणि मे महिन्यात पक्की. कोलॅबोरा आणि इगालिया या दोन कंपन्यांनी ते बनवलं. त्याचा चेहरा कुठून आणला असेल? अँड्रॉइडच्या फायरफॉक्समधून. ब्राउझर तरी काय करतो, लांबलचक पान बोटाने सरकवायला देतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं हे काम आधीच तयार आणि खुलं होतं, ते उचललं. नाव व्ह्यूअर असलं तरी त्यात थोडंफार लिहिण्याची सोय प्रायोगिक म्हणून होती. प्रायोगिक हा शब्द तिथे अगदी प्रामाणिकपणे वापरला होता.

स्वतःशीच फोनवर बोलणारा फोन

दरम्यान ब्राउझरमध्ये चालणारं लिब्रेऑफिसही पुढे सरकत होतं. त्याची रचना अशी: इंजिन लांब कुठेतरी सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या संगणकावर, चेहरा तुमच्या ब्राउझरमध्ये, फरशा इंटरनेटवरून येणार. फरशा लावण्यासाठी त्यांनी चक्क नकाशे दाखवणारी लीफलेट ही लायब्ररीच घेतली. वोलोदिमिर आगाफोन्किन या युक्रेनी प्रोग्रॅमरने 2011 मध्ये आणलेली ही लायब्ररी जगभरच्या वेबसाइटींवर नकाशे दाखवते. म्हणजे तुमचं पत्र आतून एक गावच झालं, गल्लीबोळांऐवजी ओळी.

यामुळे मोबाइलवाल्यांपुढे दोन चेहरे उभे राहिले. एक अँड्रॉइडचा, जावात लिहिलेला, अर्धवट. दुसरा ब्राउझरचा, ज्यावर पैसे देणारी गिऱ्हाइकं होती, म्हणून रोज सुधारत जाणारा. आयफोनसाठी तिसरा लिहायचा का? तीन चेहरे सांभाळायला माणसं कुठून आणायची? मग ठरलं की ब्राउझरचाच चेहरा फोनच्या अ‍ॅपमध्ये घालायचा. प्रत्येक फोनमध्ये अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवायची सोय असतेच.

पण तो चेहरा बनलाय सर्व्हरशी बोलायला. त्याला सवय आहे इंटरनेटवरून चिठ्ठी पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. आणि आपल्याला तर इंजिन फोनमध्येच हवंय, नाहीतर एसटीत बसून कोकणात उतरताना घाटात रेंज गेली की पत्र अर्धवट. यावरचा तोडगा मला फार आवडतो. सर्व्हरही फोनमध्येच घातला. एकाच अ‍ॅपच्या पोटात सर्व्हर, इंजिन आणि चेहरा तिघेही. आणि त्यांच्यामध्ये एक खोटं नेटवर्क. कोडमध्ये त्या फाइलचं नावच फेकसॉकेट आहे, म्हणजे खोटी जोडणी. चेहऱ्याला वाटतं आपण दूरच्या सर्व्हरशी बोलतोय, सर्व्हरला वाटतं दूरचं कुणीतरी आलंय, आणि दोघेही एकाच माजघरात पडद्याआड बसलेले असतात. डेटा फोनबाहेर जातच नाही. काहींना हा आडवळणाचा कारभार वाटतो, आणि वेग व मेमरी या दृष्टीने थोडा आहेही. पण यामुळे ब्राउझरमधली एक चूक सुधारली की फोनमधलीही आपोआप सुधारते. माणसं कमी असताना हा हिशेब फार मोलाचा.

असं बनलेलं कोलॅबोरा ऑफिस 2020 मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन-आयपॅड या दोन्हींवर आलं. काकांच्या प्रश्नाच्या उत्तरातली नऊ वर्षं ती ही.

पैसा कुणाचा?

यातली एक गोष्ट तंत्राच्या लेखांत सहसा येत नाही. फोनवरच्या ऑफिससाठी पैसे द्यायला कुणी तयार नसतं. मायक्रोसॉफ्टलासुद्धा आयपॅडवर वर्ड आणायला मार्च 2014 उजाडलं, आणि गूगलने 2012 मध्ये क्विकऑफिस ही तयार कंपनीच विकत घेऊन टाकली. हे दोघे फोनवरचं अ‍ॅप जवळपास फुकट देऊ शकतात, कारण त्यांची कमाई दुसरीकडून आहे. लिब्रेऑफिसकडे तसं दुसरं दुकान नाही. देणग्या आहेत, आणि सरकारं किंवा मोठ्या संस्थांना तांत्रिक मदत देऊन कमावणाऱ्या कंपन्या आहेत. कोलॅबोरा ही त्यातली मोठी. सुसे या लिनक्स कंपनीतला लिब्रेऑफिसचा चमू 2013 मध्ये इकडे आला, त्यांत प्रोग्रॅमर मायकेल मीक्स आणि लिलक्विस्ट होते. फोनच्या अ‍ॅपच्या खर्चाचा काही भार स्वित्झर्लंडच्या अ‍ॅडफिनिस या कंपनीने उचलला. 2024 मध्ये जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 30,000 सरकारी संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचं ठरवलं. असे निर्णय झाले तरच हे घर चालतं, आणि असा निर्णय घेणाऱ्याच्या हातात फोनही असतोच.

भांडणंही झाली. 2020 मध्ये कोलॅबोराने ब्राउझरच्या आवृत्तीचं काम फाउंडेशनच्या छताखालून काढून स्वतःकडे नेलं. खर्च आमचा आणि नाव सगळ्यांचं, ही त्यांची तक्रार. सगळ्यांच्या कोडवर एका कंपनीचा शिक्का का, हा दुसऱ्या बाजूचा सवाल. मला दोघांचंही म्हणणं कळतं आणि तरी वाईट वाटतं. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीवरून हेच झालं होतं.

परवान्याचंही एक प्रकरण आहे. व्हीएलसी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम 2011 च्या जानेवारीत अ‍ॅपलच्या दुकानातून काढला गेला. कारण त्याचा जीपीएल परवाना म्हणतो की मिळालेली वस्तू घेणाऱ्याने हवी तशी पुढे द्यावी, आणि अ‍ॅपलच्या दुकानाच्या अटी त्यावर बंधनं घालतात. व्हीएलसीच्याच एका विकसकाने हे बोट दाखवलं होतं. 2013 मध्ये तो परतला तो मोझिलाच्या एमपीएल परवान्याची जोड घेऊन. हा परवाना थोडा मवाळ आहे: आमच्या फाइलींत बदल केलात तर ते खुले ठेवा, बाकी अ‍ॅप तुमच्या पद्धतीनं वाटा. लिब्रेऑफिसही आज एमपीएलवर आहे. तसं नसतं तर साकव बांधून, फरशा कापून तयार झालेलं अ‍ॅप दुकानाच्या दारातच अडलं असतं.

आपल्या अक्षरांचं काय

इंग्रजीत लिहिणाऱ्याला जे दिसत नाही ते मराठीत लिहिणाऱ्याला फोनवर लगेच दिसतं. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर. संगणकाच्या पोटात ते चार तुकडे आहेत: क, हलन्त, ष आणि पहिली वेलांटी. वेलांटी उच्चारात शेवटी येते, दिसते मात्र सगळ्यांत आधी. हे तुकडे जोडून योग्य आकार काढणारा हार्फबझ नावाचा एक खुला प्रोग्रॅम आहे. 2017 च्या 5.3 आवृत्तीपासून लिब्रेऑफिस सगळ्या यंत्रांवर तोच वापरतं. त्यामुळे दर्या आणि दऱ्या यांतला फरक, म्हणजे समुद्र आणि डोंगरातली घळ, लॅपटॉपवर आणि फोनवर एकसारखा दिसतो. फॉन्टमध्ये ते आकार असले पाहिजेत, एवढी अट.

लिहिताना वेगळी मजा. डेस्कटॉपचा कीबोर्ड एकेक कळ कळवतो. फोनचा कीबोर्ड तसं करत नाही. तो शब्द हातात घोळवत ठेवतो, मधेच बदलतो, 'mazha' या रोमन अक्षरांवरून 'माझा' करतो आणि मग एकदम हवाली करतो. इंजिनाची समजूत मात्र जुन्या पद्धतीची, एक कळ म्हणजे एक अक्षर. या दोघांची सांगड घालताना शब्द दोनदा उमटणे, खोडायची कळ दाबल्यावर वेलांटीऐवजी अख्खं अक्षर जाणे, असले प्रकार या जातीच्या अ‍ॅप्सना नेहमीचे.

आणि फॉन्ट. कॅलिब्रीत लिहिलेलं पत्र फोनवर उघडलं तर तिथे कॅलिब्री नसतो, पण लिब्रेऑफिससोबत कार्लिटो येतो. त्यातल्या प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीएवढीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी तिथेच तुटतात. विंडोजच्या मंगल फॉन्टची तशी मापं जुळवलेली जोडी फोनमध्ये नसते. अँड्रॉइड फोन आपला नोटो सान्स देवनागरी लावतो, अक्षरं थोडी रुंद किंवा अरुंद होतात, आणि दोन पानांचं पत्रक तिसऱ्या पानावर सही टाकून मोकळं होतं. यावर उपाय साधा आहे: ज्याला फक्त वाचायचंय त्याला पीडीएफ पाठवा, ज्याला बदल करायचेत त्यालाच मूळ फाइल.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल थेट उघडून बदलू नका, हे आणखी एक. आजचे फोन अ‍ॅपला फाइलचा खरा पत्ता देत नाहीत, एक तात्पुरती चिठ्ठी देतात. इंजिनाला मात्र खरी फाइल हाताशी लागते. म्हणून अ‍ॅप गुपचूप एक नक्कल करून तिच्यावर काम करतं आणि जतन करताना ती मूळ जागी परत लिहायला जातं. तिथे लिहायची परवानगी नसेल तर तुमचे बदल हवेत. आधी फोनमध्ये जतन करा, मग उघडा.

उलटा प्रवास

फोनसाठी म्हणून इंजिन आणि चेहरा वेगळे केले, चेहरा ब्राउझरचा घेतला, खोटं नेटवर्क बांधलं. 2025 च्या अखेरीस कोलॅबोराने हीच रचना विंडोज, मॅक आणि लिनक्सच्या संगणकांवर आणली. म्हणजे जुनं इंजिन आणि वर वेबचा नवा चेहरा. वाड्याच्या जुन्या दर्शनी भागाला त्यांच्या घरात आता क्लासिक म्हणतात. लिब्रेऑफिस स्वतः अजून जुन्याच रूपात येतं, आणि मी तेच वापरतो, सवय म्हणा.

काकांच्या फोनवर मी कोलॅबोरा ऑफिस घालून दिलं. इतिवृत्त उघडलं, त्यांनी लिफ्टच्या खर्चाचा आकडा बोटाने दुरुस्तही केला. मग खुशीत येऊन सोसायटीच्या नोंदणीच्या वेळचं, वीस वर्षांपूर्वीचं एक मराठी पत्र पाठवलं आणि म्हणाले, हेही उघड. उघडलं. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं. ते युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. त्यात 'अ' हा 'अ' म्हणून साठवलेलाच नसतो, एखादं इंग्रजी अक्षर मराठी मुखवटा घालून बसलेलं असतं, आणि मुखवटा तेवढा त्या जुन्या संगणकावर राहिला.

"बघ," काका म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, उघडत नाही म्हणून?"